परबभाऊ, तो बोर्ड मी पुसला होता

परबभाऊ,

आधी आजचा बोर्ड सांगते, मग बाकीचं. सवय तुम्हीच लावलीत. दुसऱ्या मजल्यावर दुपारी दोनपर्यंत पाणी नाही, टाकी धुताहेत. पॅकिंगच्या खोलीत खिडकीजवळची ट्यूब फडफडते, तिला कुणी हात लावायचा नाही, वायरमन येणार आहे. मालाच्या लिफ्टमध्ये माणसांनी बसायचं नाही, हे रोजचंच. आणि मागचा जिना बंद आहे. तो का बंद आहे ते शेवटाला सांगते, कारण त्या जिन्यातच माझं सगळं अडकलंय.

तुम्ही गेलात त्याला तीन आठवडे झाले. मी घरी कुणाला काही सांगावं तर ऐकायला कोण आहे? आमचे हे जाऊन आठ वर्षं झाली, पोरी आपापल्या घरी. म्हणून तर मी कारखान्यात इतकी बडबडते. तुम्हीच एकदा म्हणाला होतात, "म्हात्रेबाई, तुम्ही घरचं बोलणं पण डब्यातून इथे घेऊन येता." आता ते कुणापुढे उघडू ते सांगा. म्हणून लिहायला बसले. तुमच्यासमोर लिहायला मला लाज वाटायची, माझी अक्षरं ठिपक्यांच्या रांगोळीसारखी, एकेक सुटी. पण जी काय आहेत ती तुमच्या बोर्डावरूनच उचललेली आहेत.

हे दुसरं कुणी वाचेल तर त्याला कळायला हवं, म्हणून सांगते. वालीवला आपली तीन मजल्यांची इमारत. खाली मशीनवर प्लास्टिकचे डबे निघतात, वर आम्ही बायका झाकणं लावून खोक्यात भरतो. इमारतीची देखभाल परबभाऊंकडे. पाणी, दिवे, जिने, लिफ्ट, गळणारं छत, सगळं. आणि रोज सकाळी कामावर चढायच्या आधी, हजेरीच्या मशीनशेजारी जो काळा फळा आहे त्यावर त्या दिवशी कुठे काय दुरुस्ती आहे, कुठे जपायचं, हे ते खडूने लिहायचे. त्यालाच आम्ही बोर्ड म्हणतो. फोन आमचे गेटवरच्या कपाटात. वरच्या बायकांतल्या अर्ध्या जणींना वाचता येत नाही. म्हणून बोर्ड मोठ्याने वाचायचा, आणि तो मी वाचायचा, असं ठरलं.

ठरलं म्हणजे काय, तुम्हीच ठरवलंत. मी नवी होते, बोर्डापुढे उभी राहून ओठ हलवत होते. शाळा माझी चौथीपर्यंत, त्यातली अर्धी जूचंद्रच्या शेतात गेलेली. तुम्ही मागून म्हणालात, "मनात काय वाचता, मोठ्याने वाचा, इतरांचापण फायदा होईल." 'प्रतिबंधित' या शब्दावर मी इतका वेळ अडले की मागे रांग लागली. तुम्ही सांगितलं नाहीत काय शब्द आहे तो. खडू हातात फिरवत उभे राहिलात. मी काढला तो शब्द शेवटी. पण काढून झाल्यावर बायकांकडे वळून विचारलं, कळलं का गो? एकीलाही कळलं नव्हतं. मलाही नव्हतं.

तिथून आपलं भांडण सुरू झालं ते अकरा वर्षं चाललं. तुम्ही लिहायचात, 'उद्वाहनाचे दुरुस्तीकार्य प्रगतीपथावर आहे.'

"उद्वाहन म्हणजे काय हो?"

"लिफ्ट."

"मग लिफ्ट लिहा की."

"म्हात्रेबाई, बोर्ड म्हणजे नाक्यावरच्या गप्पा नव्हेत. त्याची एक भाषा असते."

"ती भाषा येणारी बाई आणा मग कुठून तरी. ती वाचेल."

बायका खूप हसल्या त्या दिवशी. दुसऱ्या दिवशी बोर्डावर, 'लिफ्ट बंद आहे.' खाली बारीक अक्षरात, 'म्हात्रेबाईंच्या हुकुमावरून.' आणि एकदा तर, पंपाची मोटर जळली होती तेव्हा, एवढ्या मोठ्या अक्षरांत नुसतं 'पानी नाय'. आमच्या खाडीकाठची बोली, मालवणच्या माणसाच्या हस्ताक्षरात. मी वाचायला गेले आणि हसू आवरेना. तुम्ही गंभीर चेहऱ्याने म्हणालात, "वाचा, वाचा. आज तरी अडणार नाही."

पण एका गोष्टीत तुम्ही कधी माघार घेतली नाहीत. नुसतं 'बंद' लिहायचं नाही, का बंद ते लिहायचं. मला वाटायचं कशाला एवढं लांबण. तुम्ही सांगायचात, "नुसतं बंद लिहिलं की माणूस म्हणतो, माझ्या एकट्याने काय होतंय. का ते कळलं की आपोआप थांबतो." पेचकसाची लाकडी मूठ भिंतीवर ठोकत चालायचात आणि आम्हालाही कान लावायला लावायचात. "हा आवाज ऐका, भरीव आहे. आता हा. पोकळ. इथलं प्लास्टर सुटलंय, याच्याखाली बसून डबा खायचा नाही." अजून मी कुठल्याही भिंतीजवळून गेले की बोटाने टकटक करते. लोक बघतात.

आता ते सांगते जे अकरा वर्षांत बोलायचं राहिलं. म्हणजे अकरा नव्हे, तीन. तीन वर्षांपूर्वीचा दसरा.

दसऱ्याच्या आदल्या दिवशी आपल्याकडे मशीनची पूजा. झाडलोट, हळदकुंकू, प्रत्येक मशीनला झेंडूची माळ. मी जूचंद्रची, आमच्याकडे पोर चालायला लागली की तिच्या चिमटीत रांगोळी देतात. सगळ्या म्हणाल्या, दारात रांगोळी काढ. काढली. तरी हाताला खाज होतीच. समोर बोर्ड. त्यावर तुमचं सकाळीच लिहून झालं होतं. मी वाचलं नव्हतं अजून, त्या दिवशी सगळ्या एकदम चढल्याच नव्हत्या, कुणी आंब्याची पानं आणायला, कुणी फुलं ओवायला. माझी नजर एका शब्दावर गेली. 'धोका'. सणासुदीचं दारात शिरल्या शिरल्या धोका लिहिलेलं, मला कसंतरीच वाटलं. मनात म्हटलं, भाऊ नंतर परत लिहितील, त्यांना मी सांगेन. ओलं फडकं घेतलं आणि पुसलं. रंगीत खडूंनी मोराची जोडी काढली, मध्ये 'शुभ दसरा'. सगळ्या कौतुक करत होत्या. तुम्ही गच्चीवर होतात. मी सांगायचं विसरले.

मागच्या जिन्याचा कठडा खालून गंजला होता, तुम्ही त्याचं वेल्डिंग कापून ठेवलं होतं, नवा सणानंतर बसणार होता. दिसायला जसाच्या तसा उभा. तुम्ही दोरीही बांधली होती जिन्याच्या तोंडाशी. पण त्या दिवशी दोरी दिसली की कुणीतरी तिला माळ गुंडाळतंच. तुमच्या दोरीला झेंडू आणि आंब्याची पानं लागली. तोरण झालं तिचं.

फिलूने दर वर्षी नंदाखाल गावच्या वाडीतून पूजेला केळीचे खांब आणायचे हा आपल्याकडचा रिवाज. फिलोमिना, माझी डब्याची जोडीदारीण. पूजा आमची, केळ तिची, कुणाला त्यात काही वेगळं वाटायचं नाही. रिक्षावाल्याशी भांडून भांडून तिने ते लांब खांब वालीवपर्यंत आणले. पुढच्या जिन्याला वळण आहे, तिथे ते अडतात, म्हणून ती मागे गेली. तोरणाखालून वाकून गेली. वर जाऊन तोल सावरायला कठड्याला टेकली.

सात पायऱ्या. मनगट दोन ठिकाणी मोडलं. केळीचे खांब अंगाखाली आले म्हणून डोकं वाचलं, असं डॉक्टर म्हणाले.

सण संपल्यावर मॅनेजरसाहेबांनी आपल्याला सगळ्यांना खाली बोलावलं. बोर्डावर माझे मोर तसेच. साहेब म्हणाले, "परब, त्या दिवशी बोर्ड लिहिला होता का?"

तुम्ही बोर्डाकडे पाहिलंत. मोरांकडे. मग माझ्याकडे पाहिलंत का? ते मला आजही नक्की सांगता येत नाही, कारण मी खाली पाहत होते. माझ्या नखांत निळा खडू होता अजून.

"राहिलं," तुम्ही म्हणालात.

एवढंच. ज्या माणसाने ताप असताना येऊन बोर्ड लिहिलाय, ज्याने पावसात गुडघाभर पाण्यातून येऊन लिहिलाय, तो म्हणाला, राहिलं. तुम्हाला लेखी ताकीद आली, तीही नोटिशीच्या जागी सगळ्यांना दिसेल अशी लावली. मी गप्प. मी मनाशी हिशोब घातला की मी कंत्राटावरची, मला उद्या येऊ नकोस म्हटलं तर काय, तुम्ही कायम, तुमचं काय वाकडं होणार आहे. असं मी स्वतःला सांगितलं. मग रोज सांगत राहिले. भाऊ, माणूस स्वतःला किती वेळा तीच गोष्ट सांगू शकतो याला काही सुमार नाही.

आणि तुम्ही दुसऱ्या दिवशी सकाळी हातावरचा खडू पुसत त्याच आवाजात म्हणालात, "वाचा, म्हात्रेबाई." त्या ऐवजी दोन शिव्या घातल्या असत्यात तर बरं झालं असतं.

पुढच्या दसऱ्याला मी आले तर बोर्डाच्या शेजारी दुसरा एक छोटा फळा ठोकलेला. कोरा, नवा, काळा रंग ओला वाटावा इतका ताजा. खाली पत्र्याच्या डबीत रंगीत खडू. तुम्ही शिडीवर होतात, वरूनच म्हणालात, "तो तुमचा. मोर, फुलं, काय हवं ते काढा. मोठ्यावर माझं राहू दे."

तेव्हा मला कळलं की तुम्हाला ठाऊक होतं. पहिल्या दिवसापासून ठाऊक होतं. मी शिडीचे पाय धरून उभी राहिले, तुम्ही पडू नयेत म्हणून धरल्यासारखी. तोंडापर्यंत आलं होतं. तुम्ही खाली उतरलात आणि विचारलंत, "काढताय ना?" मी खडू घेतला आणि काढलं. त्यानंतर दोन वर्षं रोज वाटायचं, आज सांगू, दुपारी सांगू. तुम्ही समोर असताना वेळ पुष्कळ आहे असं वाटायचं.

तुमच्या बाराव्याला नालासोपाऱ्याला आले होते. वहिनी मला स्वयंपाकघरात घेऊन गेल्या. नळाच्या वर भिंतीवर तुमचा खडू, 'वायसर बदलेपर्यंत बालदी खाली ठेवणे. फरशी ओली, जपून.' खाली बालदी, टपटप चालू. वहिनी म्हणाल्या, "प्लंबर येऊन उभा होता काल. मीच म्हटलं, नको, राहू दे." मग मला विचारलं, "कारखान्यात पण असंच लिहायचे का हो?" मी होय म्हटलं.

शोकसभा कँटीनमध्ये झाली. तुमचा फोटो, हार, खाली समई. साहेब चांगलं बोलले. मनापासून बोलले, खोटं कशाला सांगू. शेवटी म्हणाले, "परबांच्या इतक्या वर्षांच्या नोकरीत एकच चूक झाली, ती आपण आज विसरून जाऊ."

आणि मी उभी राहिले. म्हटलं, "साहेब, ती त्यांची नाही. बोर्ड लिहिला होता. मी पुसला, मोर काढायला." साहेब म्हणाले, "मावशी, आता कशाला ते." मी म्हटलं, "आता म्हणूनच." पुढे काय बोलले आठवत नाही. बसताना फिलूकडे पाहिलं. तिने चहाचा कप खाली ठेवला, उजवं मनगट डाव्या हातात धरलं, तिची सवय आहे ती त्या दिवसापासूनची, आणि उठून गेली.

मला कामावरून कुणी काढलं नाही. ज्या भीतीने तीन वर्षं गप्प बसले ती भीतीच पोकळ निघाली, पेचकसाने ठोकून बघायला हवी होती. पण फिलू बोलत नाही. डबा खायला ती आता दाराजवळच्या बायकांत बसते. मी आपल्या खिडकीजवळ. पहिले दोन दिवस सवयीने बोंबलाची चटणी तिच्या वाटणीची पण आणली, ती तशीच घरी गेली. तीन वर्षं मी तिच्या पोळीचे तुकडे करून देत होते, त्या हाताला जोर लागत नाही म्हणून. ती म्हणायची, तू नसतीस तर माझं काय झालं असतं बाय. ते आठवतं रोज डबा उघडला की. तिचं बरोबर आहे. मी तिच्या जागी असते तर मीही नसते बोलले.

तुमच्या जागी अजून कुणी आलेलं नाही. ऑफिसवाल्यांनी ठरवलं की आता सगळ्या सूचना फोनवरच्या ग्रुपवर टाकायच्या. मी म्हटलं, साहेब, फोन तर गेटवर असतात. ते म्हणाले, सुपरवायझर सांगतील. सुपरवायझर भला माणूस आहे, पण त्याला आठवतं ते काम होऊन गेल्यावर. चार दिवस बोर्ड तसाच राहिला. तुमचं शेवटचं लिहिलेलं, 'गच्चीवर जाऊ नये, पत्रे बदलत आहेत.' पत्रे बदलून झाले तरी बायका कपडे वाळवायला गच्चीवर जाईनात. पाचव्या दिवशी मी वायरमनला विचारलं, गवंड्याला विचारलं, कुठे काय आहे आज, आणि खडू हातात घेतला.

मजकूर पुसला. पण वर उजव्या कोपऱ्यात तुमची तारीख आणि वार, चौकटीत, आकडे कसे सैनिकांसारखे सरळ. ती माझ्याने पुसवेना. मी तिच्या भोवतीने पुसलं आणि खाली माझं लिहिलं. रोज तसंच करत राहिले. वायरमन एकदा म्हणालाही, "मावशी, तारीख जुनी राहिली." मी म्हटलं, राहू दे, माहीत आहे मला. सकाळी मोठ्याने वाचते, ज्या असतील त्या ऐकतात, काही ऐकत नाहीत. फिलूला वाचता येतं, तिला माझ्या आवाजाची गरज नाही. ती लांबूनच निघून जायची.

आता आजचं. मागच्या जिन्याच्या तिसऱ्या पायरीची कड तुटली होती. गवंड्याने सकाळीच सिमेंट भरलं, ओलं आहे. मी लिहिलं, 'मागचा जिना बंद. तिसरी पायरी ओली आहे, पाय सरकेल.' तुमच्यासारखं, का बंद ते पण. दोरी बांधून घेतली, तिला कुणाला फूल लावू दिलं नाही. वाचून झालं, सगळ्या वर गेल्या. मागून फिलू आली, उशीर झाला होता तिला. बोर्डापुढे थांबली, वर नजर टाकली, आणि सरळ मागच्या जिन्याकडे निघाली.

"फिलू, थांब."

तिने दोरी उचलली होती. वळली. शोकसभेनंतर पहिल्यांदा माझ्याकडे पाहिलं तिने.

"जिना बंद आहे. लिहिलंय."

"जुनं आहे ते."

"आजचं आहे. आत्ता लिहिलंय मी."

"तारीख बघ काय आहे ती," ती म्हणाली. "मला वाटलं, मागचा बोर्ड कुणी पुसलाच नाही."

"दोरी दिसली नाही?"

"दोरी तर तेव्हा पण होती."

ती परत आली, बोर्डापुढे उभी राहिली, मनगट धरून. म्हणाली, "तुझं हे असंच गे बाय. पुसायचं नव्हतं ते पुसलंस, आणि पुसायचं ते जपून ठेवलंयस. परबमामांनी एक दिवस तरी जुनी तारीख ठेवली होती का?"

नव्हती ठेवली. कधीच नाही.

मी डस्टर घेतला नाही. हाताने पुसली, हळूहळू, आधी वार, मग आकडे. तुमच्या हातचा खडू माझ्या तळव्याला लागला. मग आजचा वार लिहिला, आजची तारीख, चौकट काढली. चौकट वाकडी आली. फिलू ते होईपर्यंत उभी होती. नंतर पुढच्या जिन्याने वर गेली. दुपारीही लांबच बसली. मी खिडकीजवळ बसून एकटीने डबा खाल्ला, पण ती सुखरूप बसलेली दिसत होती समोर, दोन्ही पाय धड.

तर भाऊ, तुमची शेवटची तारीख गेली. मीच पुसली ती. तिथे कुणी विचारलं तर राहिलं म्हणून सांगू नका.